आवाजाचा रकाना

माझ्या कामाला आई 'मशिनींची स्थळं बघणं' म्हणते. शेजारणीने विचारलं की मुलगी काय करते, तर ती सांगते, "आफ्रिकेतल्या लोकांका मशिनींची स्थळां बघून देता." पूर्वी मी चिडायचे. माटुंग्याच्या कॉलेजात शिकून इंजिनिअर झाले, पंचवीस वर्षं काम केलं, आणि आईच्या तोंडी शेवटी मी विवाह मंडळच चालवते. पण इतकं नेमकं वर्णन मला स्वतःला आजवर जमलेलं नाही, हेही खरं.

कुठल्या तरी देशातल्या एखाद्या गावाला, संस्थेला किंवा सरकारी खात्याला कारखाना काढायचा असतो. तेल गाळायचं असतं, मासळीसाठी बर्फ करायचा असतो, कापड विणायचं असतं. यंत्रं विकणारे चार देशांतले चार जण दारात उभे असतात. चौघांची माहितीपत्रकं गुळगुळीत आणि चौघांचे फोटो गोरेगोमटे. त्यातलं कुठलं यंत्र त्या गावात नांदेल, हे सांगायचं काम आमचं. आमच्याकडे शंभर गुणांचा तक्ता आहे. वीज किती लागते, पाणी कसलं लागतं, सुटे भाग कुठे मिळतात, चालवायला किती शिकावं लागतं, असे रकाने. आम्ही यंत्र चालू असलेल्या जागी जाऊन बघतो, रकाने भरतो आणि अहवाल देतो.

ऑफिस लालबागला, मसाल्याच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर. दोन खोल्या आणि दोन माणसं: मी आणि माझा भागीदार. तो गिरगावातला, माझ्याच वयाचा, थंड डोक्याचा. आमचं भांडण म्हणजे मी ओरडते आणि तो चष्मा पुसतो. माझं संपलं की विचारतो, "झालं? आता बोलू?" माझा आवाज मोठा आहे आणि राग त्याहून मोठा, हे लालबागमध्ये खालच्या मिरचीवाल्यांनाही माहीत आहे.

या धंद्यात आम्ही चुका केल्या नाहीत असं नाही. एका किनाऱ्यावरच्या गावाला आम्ही बर्फाचं यंत्र निवडून दिलं होतं. वीज कमी खाणारं, देखणं, सगळ्या रकान्यांत पहिलं. ते चौथ्या महिन्यात बंद पडलं. आतल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला कुलूप होतं आणि किल्ली म्हणजे कंपनीचा माणूस, तो विमानाने येणार. तो येईपर्यंत गावातल्या कोंबड्या त्या यंत्रावर झोपायला लागल्या. तिथल्या मासळीवाल्या बाईने मला फोटो पाठवला होता. खाली एक अक्षर लिहिलं नव्हतं. तो फोटो मी अजून टेबलाच्या काचेखाली ठेवलाय.

त्यानंतर मी तक्त्यात 'तिसरा दिवस' नावाचा रकाना घातला. यंत्र बिघडल्यावर पहिल्या दिवशी सगळे धावपळ करतात, दुसऱ्या दिवशी फोन करतात. तिसऱ्या दिवशी काय होतं? गावातला मिस्त्री पान्हा घेऊन ते उघडू शकतो का? नसेल, तर ते यंत्र नको. नाकापेक्षा मोती जड कशाला?

दुसरा रकाना माझ्या हट्टाचा: 'किती हातांना काम'. भागीदाराने त्याला दहा गुण ठेवले होते, मी वीस करून घेतले. त्या दिवशी त्याने चष्मा दोनदा पुसला.

या हट्टाचं कारण घरचं आहे. माझे बाबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. मागाला गिरणगावात साचा म्हणतात आणि विणणाऱ्याला साचेवाला. बाबा एकोणिसाव्या वर्षी कणकवलीजवळच्या गावातून आले आणि थेट साच्यापुढे उभे राहिले. संपात ती नोकरी गेली. मग दुसऱ्या गिरणीत लागले, तीही बंद झाली. तेव्हा मी कॉलेजात होते. धडधाकट बाप सकाळी आंघोळ करून, पांढरा सदरा घालून, कुठेही न जाता कॉटवर बसलेला मी पाहिलाय. तेव्हाचा राग माझ्या पोटात अजून आहे. जे यंत्र माणसाला घरी बसवतं त्याला माझ्या हातून गुण सुटत नाहीत. भागीदार म्हणायचा, हा तक्ता नाही, हा तुझा सूड आहे. मी म्हणायचे, असू दे.

तर गेल्या वर्षी पूर्व आफ्रिकेतल्या एका गावाचं काम आलं. आजूबाजूला कापूस पिकतो, पण सगळा गासड्या बांधून बाहेर जातो. तिथल्या बायकांच्या सहकारी संस्थेला कापड विणायची शेड काढायची होती. दोन स्थळं पुढे होती. एक धोट्याचे साचे. लाकडी धोटा दोन्ही बाजूंनी फटके खात इकडून तिकडे पळतो, आत सुताची कांडी, तसेच जसे बाबांच्या वेळी होते, थोडे सुधारलेले. यावर एकशेवीस बायकांना काम मिळणार होतं, आणि बिघाड झाला तर गावातला सायकलवालाही दुरुस्त करेल. दुसरे बिनधोट्याचे नवे साचे. त्यात सूत एका पातळ पट्टीच्या टोकाने ओढून नेलं जातं. वेगवान, नाजूक, शिकायला अवघड, आणि काम फक्त पन्नास बायकांना.

निकाल माझ्या मनात पहिल्याच दिवशी लागला होता. आपला तो बाब्या. तरी रीतीप्रमाणे मी दोन्ही प्रकारच्या शेड बघून आले, तक्ता भरला, आणि धोट्याचे साचे सरळ पुढे निघाले. तक्त्यात खाली पाच गुणांचा एक रकाना आहे, 'आवाज व धूळ'. धोट्याच्या साच्यांपुढे मी लिहिलं, 'नेहमीसारखा'. पाचांपैकी चार गुण दिले. एक गुण धुळीचा कापला.

अहवाल पाठवायच्या आधी त्या संस्थेची इंजिनिअर स्वतः आली. पस्तिशीची, उंच, कमी बोलणारी. शेड तीच चालवणार होती आणि कागदावर सही तिची लागणार होती. एकशेवीस बायकांनी आधीच नावं नोंदवली होती, त्यात तिच्या दोन धाकट्या बहिणी आणि एक मावशी. चुकीचं यंत्र गेलं तर मला एक ईमेल येईल, तिला रोज त्या बायकांची तोंडं बघावी लागतील. हे तिने मला पहिल्या पाच मिनिटांत, इंग्रजीत, न रागावता सांगितलं. मला ती आवडली.

मग ती म्हणाली, "या आवाजात तुम्ही काम कसं करता?"

मी विचारलं, "कसला आवाज?"

भागीदार मोठ्याने हसला. आमच्या खाली मसाल्याचा डंक आहे. लोखंडी मुसळं दिवसभर मिरची-हळद कांडत असतात, सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत. टेबलावरचा चहा त्या ठोक्याला थरथरतो. चौदा वर्षांत मला तो ऐकू आलेला नाही. भागीदाराला येतो. तो कानात बोळे घालून बसतो आणि मला वाटायचं, तो गाणी ऐकतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी भिवंडीला गेलो, धोट्याचे साचे चालू असलेली शेड बघायला. आत साठेक साचे होते. दारातून आत पाऊल टाकलं की बोलणं संपतं, कारण बोललेलं स्वतःलाही ऐकू येत नाही. मी सरळ एका साचेवाल्यापुढे गेले आणि त्याला विचारलं, धोटा किती दिवस टिकतो? त्याने दोन बोटं आणि मग मूठ दाखवली. पट्टा कुठून आणता? त्याने ओठांनी गावाचं नाव सांगितलं आणि अंगठा खांद्यामागे टाकला. आमचं असं दहा मिनिटं चाललं. मग बघते तर पाहुणी नाही. ती बाहेर रस्त्यावर दोन्ही तळहात कानांवर दाबून उभी होती.

"तुम्ही त्याच्याशी कसं बोललात?" तिने विचारलं.

मग काय, मला चेवच आला. मी तिला सांगितलं की ही साचेखात्याची भाषा. सूत तुटलं तर असं, जॉबर, म्हणजे मुकादम, येतोय तर मिशीवर बोट, चहाला चल तर असा अंगठा. बाकी सगळं ओठांवरून वाचायचं. आमच्या चाळीत ती सगळ्यांना यायची. आम्ही पोरं वर्गात याच खुणांनी उत्तरं सांगायचो आणि मास्तरांना पत्ता लागत नसे. मी फार अभिमानाने सांगत होते. ती ऐकत होती आणि तिचे हात अजून कानांच्या जवळच होते.

गाडीत ती म्हणाली, "तुमच्या वडिलांना भेटता येईल? ज्याने यावर आयुष्य काढलं अशा माणसाला मला विचारायचंय."

मी म्हटलं, जरूर. मनात म्हटलं, झालं काम. साच्यांची बाजू बाबांपेक्षा चांगली कोण मांडणार?

आईबाबा वरळीला राहतात. आमची चाळ पाडून तिथेच उंच इमारत झाली, तिच्यात त्यांना घर मिळालं. घर छान आहे, लिफ्ट आहे, आत संडास आहे. एकच कटकट. आमच्या घरचा आवाज. चाळीत मजल्यावरची सगळीच घरं गिरणीची होती, सगळीच ओरडून बोलायची, त्यामुळे कोणी कोणाला काही म्हणत नसे. आता भिंती जाड आणि दारं बंद. खालच्या मजल्यावरच्या तरुण जोडप्याने टीव्हीच्या आवाजाबद्दल दोनदा चिठ्ठी टाकली. दुसऱ्या चिठ्ठीत 'आणि घरातील भांडणे' असंही होतं. मी ती चिठ्ठी घेऊन तावातावाने खाली गेले होते. भांडणं कसली? आमच्यात कोणी भांडत नाही, आम्ही असेच बोलतो! हे मी त्यांना अर्थातच ओरडून सांगितलं.

पाहुणीला घेऊन गेले तो रविवारचा दिवस होता. आईने घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं होतं. बाबा खिडकीशी पाठमोरे बसले होते. आईने बटण दाबून ट्यूबलाइट दोनदा बंद-चालू केली. बाबा वळले. आमच्याकडे बाबांना अशीच हाक मारतात.

पाहुणी दिव्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "यांना ऐकू येत नाही?"

"कमी येतं," मी म्हटलं. "साचेखात्यातल्या सगळ्यांचं असंच असतं."

बोलताना मला काही वाटलं नाही. सगळ्या कोळ्यांना पोहता येतं, तसं ते माझ्या तोंडून आलं. ती मात्र हातातली बशी खाली ठेवून बसली.

"सगळ्यांचं?"

"म्हणजे, त्या खात्यातल्या."

"कितव्या वर्षापासून?"

ते मला माहीत नव्हतं. मी आईला विचारलं. आई घावणे उलटत होती, तिथूनच म्हणाली, "लगीन झाला तेव्हाच ह्ये मागसून हाक मारली तर वळत नव्हते. माका वाटला, भाव खातत." आणि हसली. लग्नात बाबा सव्वीस वर्षांचे होते. म्हणजे साच्यापुढे सात वर्षं झाली होती. मी ते इंग्रजीत सांगायला लागले आणि 'सात वर्षं' म्हणताना अडखळले. पाहुणीच्या धाकट्या बहिणी वीस-बावीसच्या होत्या. हिशोब तिनेही केला असणार.

माझ्या डोळ्यांपुढे तो रकाना आला. 'नेहमीसारखा'. पाचांपैकी चार.

मी इंजिनिअर आहे. दुसऱ्या कोणी असा शेरा मारला असता तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. नेहमीसारखा म्हणजे कोणाच्या नेहमीसारखा? भिवंडीच्या शेडमध्ये माझ्या फोनवर आवाज मोजायची सोय होती, ती मी उघडलीसुद्धा नाही. गावातल्या विजेची, पाण्याची, सायकलवाल्याच्या पान्ह्याची मी चौकशी केली, आणि ज्या गोष्टीने माझ्या बापाला एका खोलीत एकटं बसवलं ती माझ्या नजरेतून निसटली, कारण ती माझ्या घरातलीच होती. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो.

पाहुणी म्हणाली, "त्यांना विचारा. मी हे साचे घेऊ का?"

मी बाबांच्या जवळ गेले, कानाशी वाकले आणि ओरडले, "बाबा! ही विचारत्येय, साचे घेऊ का?"

बाबांनी भुवया वर केल्या. मी अजून जोरात ओरडले. खाली कोणीतरी दार आपटलं. बाबांनी हात वर करून मला थांबवलं.

"वरडू नको," ते म्हणाले. त्यांचा आवाजही मोठाच असतो, त्यांना तो कुठे कळतो. "वरडलंस काय माका कायच कळना नाय. हय समोर बस. तोंड दाखव. सावकाश बोल."

मी स्टूल ओढून समोर बसले. सावकाश विचारलं, साध्या आवाजात. साध्या आवाजात मी त्यांच्याशी शेवटचं कधी बोलले होते, मला आठवेना. त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं आणि पहिल्या फटक्यात मान हलवली. कळलं.

"साचे चांगले," ते म्हणाले. "पोटाक घातल्यानी. वायट कशाक बोलू?" मग त्यांनी पाहुणीकडे बघून विचारलं, "बायका असतली ना कामाक? पोरांबाळांची?"

मी हो म्हटलं.

बाबांनी मान हलवली. मग माझ्याकडे बघून बोलले, पाहुणीकडे नाही. "तू ल्हान होतंस तेव्हा मी रातपाळी करून येय. तू काय काय सांगत असायचंस. तोंड हलायचां, पण पोराचा तोंड, नीट वाचूक येना नाय. मोठा झालंस आणि वरडूक लागलंस. वरडताना माणसाचा तोंड रागाचा दिसता, गो. माका आवाज नाय येय, तोंडच दिसायचा. माका वाटायचां, गिरणी गेली, बाप घरात बसलो, म्हणान पोरीचो माझ्यावर राग आसा."

आईने गॅस बंद केला.

"तीस वर्सां?" मी विचारलं. बाबांशी बोलताना मी मालवणीत कधी गेले, मला कळलं नाही.

"रोजच दिसायचा," बाबा म्हणाले. "मग मी पण काय बोलूक जाय नसय."

ते तक्रार करत नव्हते. घरात मीठ संपलंय म्हणावं, तसं त्यांनी ते सांगितलं. बाबा माझ्याशी कमी बोलतात हे मला कॉलेजच्या दिवसांपासून माहीत होतं, आणि माझी समजूत अशी, की गिरणी गेल्याचं दुःख त्यांनी मनाला लावून घेतलंय. त्या दुःखासाठी मी आयुष्यभर यंत्रांचे गुण कापत आले. आणि ते इकडे बसून माझं तोंड वाचत होते.

पाहुणीने विचारलं, "काय म्हणाले?"

मी तिला सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. सांगताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेही गाळलं नाही. आईने तिच्या पानात आणखी एक घावण वाढला, कारण अशा वेळी आईला दुसरं काही सुचत नाही.

सोमवारी मी ऑफिसात आवाजाचा रकाना नव्याने मांडला. धुळीपासून वेगळा केला आणि वीस गुणांचा केला. भागीदाराने विचारलं, हे वीस गुण कुठून आणायचे? मी म्हटलं, माझ्या हट्टाच्या रकान्यातून दहा काढ, बाकीचे दहा वेगाच्या. त्याने चष्मा पुसला नाही. नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "तू ओरडली नाहीस."

आम्ही परत भिवंडीला गेलो, मग नव्या साच्यांच्या शेडमध्येही, आणि यावेळी दोन्हीकडे आवाज मोजला. नवे साचेही काही मुके नाहीत, त्यांच्यापुढेही कानाला काहीतरी लावावंच लागेल. पण तिथे शेजारच्या माणसाशी बोलता येतं. धोट्याच्या साच्यांपुढच्या बायकांना कानात घालायचे बोळे दिले तर? हे मी बाबांना विचारलं, समोर बसून. ते म्हणाले, गिरणीत कापसाचे बोळे मिळायचे, पण कोण घालणार? साचा बिघडायच्या आधी आवाज बदलतो, तो ऐकायला कान उघडे लागतात. चांगल्या साचेवाल्याचे कान आधी जातात.

ते वाक्य मी अहवालात जसंच्या तसं घातलं. कोणाचं म्हणून लिहिलं नाही. 'अनुभवी कामगार' एवढंच लिहिलं.

शेवटी पाहुणीने बिनधोट्याचे साचे निवडले. निवड तिची, आम्ही फक्त सल्ला देतो, पण माझा सल्लाही तोच होता. 'तिसरा दिवस' या रकान्यात ते कच्चे होते, म्हणून सुटे भाग आणि दोन बायकांचं सहा महिन्यांचं शिक्षण करारात बांधून घेतलं. काम पन्नासच बायकांना मिळालं. कापड शिवायचा विभाग काढून तिने आणखी तीसेक जणींना सामावून घेतलं. उरलेल्या चाळीस जणींच्या घरी ती स्वतः गेली. तिने मला लिहिलं, की त्यातल्या एकीने तिच्या तोंडावर दार लावलं. ती बाई चुकली असं मी म्हणणार नाही. मी त्या दाराच्या आतली असते तर मीही तेच केलं असतं, आणि वर ओरडलेही असते. आम्ही बरोबर केलं का, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. कोंबड्यांच्या फोटोशेजारी मी तिचं ते पत्र ठेवलंय.

तिच्या पत्राबद्दल बाबांना सांगायचं होतं म्हणून मी गेल्या रविवारी वरळीला गेले. आई खाली भाजी आणायला गेली होती. टीव्ही मोठ्याने चालू होता, मी तो बंद केला. दिवा दोनदा बंद-चालू केला. बाबा वळले. मी स्टूल ओढून समोर बसले आणि त्यांना साचेखात्यातल्यासारखं, अजिबात आवाज न काढता सांगितलं. पन्नास बायका, शिवणाच्या तीस, शेडमध्ये एकमेकींशी बोलता येतं. ते प्रत्येक शब्दाला मान हलवत होते. सांगून झालं तरी मी उठले नाही. आणखी एक गोष्ट उरली होती, ती मी तशीच, नुसत्या ओठांनी म्हटली: "बाबा, माझा तुमच्यावर कधीच राग नव्हता."

त्यांनी माझ्या ओठांकडे शेवटपर्यंत बघितलं. मग खालच्या मजल्यापर्यंत जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाले, "कळला, कळला. वरडू नको."